कमलाक्षीबाईंची चारशे बारा कार्डं

कमलाक्षीबाई आमच्या कार्यालयात १९५५ साली लागल्या. पुढची अकरा वर्षं त्यांनी कावेरीच्या पाण्याचे आकडे हातानं फिरवायच्या यंत्रावर काढले. तंजावूरच्या या पाटबंधारे कार्यालयात मागच्या बाजूला एक लांब खोली आहे, तिला हातगणना विभाग म्हणतात. चार टेबलं, चार यंत्रं, आणि दिवसभर दळण दळल्यासारखा आवाज. कालव्यांवर चौदा ठिकाणी आमचे लस्कर, म्हणजे पाण्याची राखण करणारे शिपाई, रोज सकाळी पाण्याची उंची बघून कार्डावर लिहून पाठवतात. त्या उंचीवरून किती पाणी गेलं ते काढायचं, एवढंच या विभागाचं काम.

मी या कार्यालयाचा व्यवस्थापक. शिक्षण कॉमर्सचं. आलेला प्रत्येक कागद नोंदवणं आणि योग्य फायलीत लावणं हे मी तीस वर्षं केलं. पुढच्या महिन्यात निवृत्त होतो आहे. कार्यभार सोपवायची यादी करताना एका कपाटात एक लाकडी पेटी निघाली, तिच्याबद्दल हे लिहितो आहे. फायलींमध्ये यातलं फारसं काही सापडणार नाही. जे सापडेल ते माझ्याच हातचं आहे, आणि ते अपुरं आहे.

१९६६ साली मद्रासच्या एका संस्थेनं गणकयंत्र आणलं आणि सरकारी कार्यालयांना कळवलं की सहा आठवड्यांच्या शिक्षणाला माणूस पाठवा. आमच्याकडच्या दोघांनी मद्रासच्या जेवणाची सबब सांगितली. कमलाक्षीबाई गणितात एम. ए. होत्या. यजमान ओरत्तनाडुच्या शाळेत मास्तर, फक्त शनिवारी घरी येत. घर बाईंची आत्या हिराबाई बघत. बाई म्हणाल्या, "मी जाते." आमचे कार्यकारी अभियंता सीतारामराव यांनी सही केली, कारण दुसरं नाव नव्हतं.

परत आल्या त्या वैतागूनच.

"राव, समजा तुमच्या फायलींच्या खोलीत वीस हजार खण आहेत," त्या मला सांगू लागल्या. "प्रत्येकात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नुसता आकडा."

"कशाचा आकडा?"

"तेच तर यंत्राला ठाऊक नसतं. एका खणात पाण्याची उंची, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात दुसऱ्याच एका खणाचा क्रमांक. यंत्र उंचीत वेळ मिळवतं. खणाच्या क्रमांकाला पाणी समजून गुणतं. काही म्हणत नाही."

"मग उत्तर चुकतं."

"चुकलं तर बरं म्हणायचं. त्या यंत्रात एक कार्यक्रम, म्हणजे आदेशांची एक यादी, कायमचा वस्तीला असतो. एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं आत घ्यायचं, कुणाला कुठले खण द्यायचे, ते तो बघतो. कुणीतरी चुकून उंचीलाच खणाचा क्रमांक समजतं आणि नेमकं या वस्तीच्या कार्यक्रमावर लिहून ठेवतं. मग सगळंच बंद. मी असताना तीनदा झालं. प्रत्येक वेळी तीन तास गेले, आणि सगळे कॉफी प्यायला गेले."

हा वस्तीचा कार्यक्रम संस्थेतल्या रघुपती नावाच्या अभियंत्यानं लिहिलेला होता. त्याला फक्त नऊशे खण लागत. तो अतिशय वेगानं चाले आणि कसलीच तपासणी करत नसे. संस्थेनं जाहीर केलं होतं की यापेक्षा चांगला कुणी लिहून आणला तर तो ठेवू. आमच्या चौदा ठिकाणांचं वर्षभराचं गणित ही परीक्षा. आठवड्याला दोन तास यंत्र मिळेल, त्यात ते पूर्ण झालं पाहिजे, खण दोन हजारांपेक्षा जास्त लागता कामा नयेत, आणि जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटण्यापूर्वी निकाल लागेल.

बाईंनी ठरवलं की लिहायचा. कार्यक्रमातल्या प्रत्येक आकड्याला जात असेल: हा फूट, हा तास, हा खणाचा क्रमांक. जाती जुळल्या नाहीत तर काम पुढे जाणार नाही. सीतारामरावांनी परवानगी दिली, पण मला ऐकवलं, "मेपर्यंत. नाही जमलं तर बाई परत टेबलावर, आणि मद्रासचं नाव पुन्हा काढायचं नाही."

इथे बसून मद्रासच्या यंत्राचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. बाई चौकटींच्या कागदावर एकेक अक्षर लिहीत. कागद बसनं मद्रासला जात. तिथे त्यांची भोकं पाडलेली कार्डं होत, यंत्रात जात, आणि आठ दिवसांनी पुडकं परत येई. पुष्कळदा पुडक्यात छापलेली एकच ओळ असे: अमुक कार्डावर जात जुळत नाही. आठ दिवस, आणि एक ओळ. ती ओळसुद्धा बाईंनी स्वतःच लिहिलेल्या तपासणीची.

शेजारच्या टेबलावरचे तुकोजी गालात हसत. पापनाशमसह चार ठिकाणांचं गणित त्यांच्याकडे होतं आणि त्यांच्या निवृत्तीला दोनच महिने उरले होते. "लोक सुनेची बोलणी खातात," ते म्हणत. "तुम्ही स्वतःच कागद लिहून बोलणी खाता, कमलाक्षीबाई."

"सून निदान कारण सांगते का, तुकोजी?"

"नाही."

"मग हे बरं. हे कार्डाचा क्रमांक सांगतं."

डिसेंबरात तुकोजी निवृत्त झाले आणि मुलाकडे कोईमतूरला राहायला गेले.

पहिली परीक्षा फेब्रुवारीत झाली. दोन तास संपले तेव्हा चौदापैकी पाच ठिकाणांचं काम झालं होतं, आणि खण लागले होते चौतीसशे. बाईंचा कार्यक्रम प्रत्येक बेरजेच्या आधी थांबून विचारी, तू कोण, तू कोण, मग बेरीज करी. रघुपती स्वतः सभ्य माणूस. त्यानं पत्रात एवढंच लिहिलं की अशा तपासणीत यंत्राचा बहुतेक वेळ चौकशीतच जातो. सीतारामरावांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून पत्र माझ्याकडे पाठवलं. मी ते फायलीत लावलं.

मार्चमधल्या एका रविवारी मद्रासचं पुडकं चुकून माझ्या घरी आलं, ते घेऊन मी मेलवीधीला बाईंच्या घरी गेलो. पुडक्यात पुन्हा एकच ओळ. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर कागद पसरून बसल्या होत्या. आत हिराबाई सोवळ्यात, सांबार उकळत होतं. बाईंची थोरली भावजय नागलक्ष्मी पाहुणी आली होती. न्हाऊन, ओल्या केसांनी ती दाराशी आली.

"न्हालीस?" हिराबाईंनी विचारलं.

"हो."

"लुगडं कुठलं? वळणीवरचं की पेटीतलं?"

"वळणीवरचं."

"ये आत."

नागलक्ष्मी आत गेली. भात उतरवला, ताक घुसळलं, लोणच्याच्या बरणीत हात घातला. हिराबाईंनी तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. मला वाटलं थोडी थट्टा करावी. म्हणालो, "आत्याबाई, दारात एवढी चौकशी, आणि लोणच्याला हात घातला तरी काही विचारत नाही?"

"आत आल्यावर कसलं विचारायचं?" त्या म्हणाल्या. "प्रत्येक भांड्यापाशी विचारत बसले तर तुम्हांला जेवायला संध्याकाळ होईल. विचारायचं ते उंबऱ्यावर."

कमलाक्षीबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग आत्याला म्हणाल्या, "आणि उंबऱ्यावर खोटं सांगितलं तर?"

"तर तिचं तिला पाप," हिराबाई म्हणाल्या, "आणि तुझं पान वाढलंय, उठ."

दुसऱ्या दिवशी बाईंनी चौतीसशे खणांचा कार्यक्रम बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं मला जेवढं कळलं तेवढं असं. माणसाला वाचता येईल असा जो कार्यक्रम आपण लिहितो, त्याचं यंत्राच्या भाषेत आधी एक भाषांतर होतं. ते एकदाच होतं, कार्यक्रम चालवायचा मात्र हजारदा. तेव्हा जातींची सगळी चौकशी भाषांतराच्या वेळीच करायची. जुळलं नाही तर भाषांतरच नाही. जुळलं, की यंत्राला द्यायचे ते आदेश अगदी उघडे, रघुपतीच्या आदेशांसारखे. त्यांत एकही प्रश्न नाही, कारण विचारून झालेलं आहे. बाहेरून येणाऱ्या आकड्यांचं, म्हणजे लस्करांच्या कार्डांचं, भाषांतरात काही कळणार नाही. त्यांना आत येताना एकदा विचारायचं, मग नाही.

एप्रिलमध्ये दुसरी परीक्षा. आम्ही दोघं मद्रासला गेलो, कारण सीतारामरावांना कुणीतरी जबाबदार माणूस सोबत हवा होता. एकोणीसशे खण. यंत्र सुरू झालं, आणि पहिली दहा ठिकाणं इतक्या वेगात गेली की रघुपती खुर्चीवरून उठून छपाईच्या यंत्राजवळ येऊन उभा राहिला. मग पापनाशम आलं आणि सगळं थांबलं. पाणी मोजायची तिथली फळी नऊ फुटांची. कार्डावर अकरा. बाईंनी दारात ठेवलेली चौकशी म्हणाली, नऊच्या फळीवर अकरा येणार नाही. अशी एकसष्ट कार्डं निघाली.

तंजावूरला आल्यावर सीतारामरावांनी बाईंना बोलावलं. मी समोर होतो.

"एकसष्ट कार्डं फेकून द्या," ते म्हणाले.

"का ते कळल्याशिवाय?"

"लस्कर ताडी पिऊन लिहितो, हे कारण. नाहीतर ती तपासणी काढून टाका. पाच हजारांतली एकसष्ट. कोण बघतंय?"

"मी बघते, सार. अकरा चूक असेल तर त्याच हातानं लिहिलेलं सहा बरोबर कशावरून? सहा नऊच्या आत आहे, म्हणून माझ्या दारातून गेलं. बरोबर आहे म्हणून नाही."

सीतारामरावांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना पापनाशमला घेऊन जा," ते म्हणाले. "एक दिवस. मला उत्तर हवंय, व्याख्यान नकोय."

गाडीनं गेलो. लस्कराचं नाव रामस्वामी. साठीकडे झुकलेला, ताठ. ताडीचा वाससुद्धा नव्हता. आम्हांला तो थेट घाटावर घेऊन गेला.

"फळी कुठे आहे?" मी विचारलं.

"एकसष्ट सालच्या पुरात गेली, अय्या."

"मग उंची कशी लिहितोस?"

त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. "पायऱ्या मोजतो. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नदीच्या सणाला, सगळं गाव इथं येऊन मोजतं, किती पायऱ्या बुडाल्या. माझा बापही तसंच मोजायचा. फळीपेक्षा पायरी बरी. ती वाहून जात नाही."

बाई पायरीवर बसल्या आणि पिशवीतली मोजपट्टी काढली. पायरी बरोबर नऊ इंचांची निघाली. दुसरी, तिसरीही. अकरा पायऱ्या म्हणजे सव्वाआठ फूट. आणि कार्डावरचं सहा म्हणजे साडेचार. सहा वर्षांचं पापनाशमचं प्रत्येक कार्ड पायऱ्यांचं होतं.

"कार्यालयाला कळवायचं नाही का?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

रामस्वामी म्हणाला, "तीनदा कळवलं, अय्या. मास्तरांकडून लिहून घेऊन. पोचल्याचा कागदही आला. त्यावर तुमचीच सही होती."

दुसऱ्या दिवशी मी आवक नोंदवही काढली. तिन्ही पत्रं होती, तारीखवार. 'फळी नाही, नवी येईपर्यंत पायऱ्या लिहितो आहे' असं प्रत्येकात स्पष्ट लिहिलेलं. ती मी 'दुरुस्ती, मंजुरीच्या प्रतीक्षेत' या फायलीत लावली होती. पत्रात फळी मागितली होती म्हणून दुरुस्ती. आकड्यांबद्दलही काही सांगितलं होतं, ते मी वाचलं होतं आणि फाईल बरोबर निवडल्याच्या समाधानात सोडून दिलं होतं. मग बाईंनी तुकोजींचे जुने कागद पाहिले. पापनाशमच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक पाऊण लिहिलेलं होतं. तुकोजी ते मनात गुणून घेत होते. त्यांना ठाऊक होतं. ते कोईमतूरला गेले आणि ते पाऊणही त्यांच्याबरोबर गेलं.

"माझ्यावर रागवा," मी म्हणालो.

"रागावून कुठल्या फायलीत लावणार, राव?" बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण फार नव्हती.

त्यांनी ठरवलं की प्रत्येक कार्डावर आकड्याच्या आधी जातीचं एक अक्षर पाडायचं. फुटाला एफ. पायरीला पी, कारण तमिळमध्ये पायरीला पडी म्हणतात. अक्षर नसेल तर दारातून आत नाही. पाच हजार एकशे दहा कार्डं. मद्रासला नवं भोक पाडून घेण्यापूर्वी प्रत्येक कार्डावर अक्षर हातानं लिहायला हवं होतं. हातगणना विभागातले उरलेले दोघं कुरकुरत बसले, मीही बसलो. तीन आठवडे लागले. सीतारामराव येता-जाता दारातून बघत आणि म्हणत, "यंत्र आणलं ते काम कमी करायला ना?"

मेच्या शेवटच्या बुधवारी तिसरी परीक्षा. एकोणीसशे वीस खण. कुठेही न थांबता त्रेपन्न मिनिटांत चौदाही ठिकाणं संपली. बाईंनी पापनाशमचा कागद तुकोजींच्या हातच्या आकड्यांशी ताडून पाहिला, सगळं जुळलं. त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. त्या हसल्या, आणि मला वाटतं त्या सगळ्या वर्षभरात मी त्यांना मोकळेपणानं हसताना तेवढंच पाहिलं.

मग रघुपतीनं तेच काम आपल्या कार्यक्रमावर चालवलं, जुन्या कार्डांवर. एकतीस मिनिटं. पापनाशमच्या कालव्यातून, वरून सोडलं त्यापेक्षा जास्त पाणी गेल्याचं त्यात निघालं.

"हे चूक आहे," बाई म्हणाल्या.

"आहे," रघुपती म्हणाला. "पण ती यंत्राची चूक नाही, बाई. तुमच्या लस्कराची आहे."

"लस्करानं तीनदा कळवलं होतं. चूक दारात थांबली नाही, ही यंत्राची."

"माझ्याकडे रोज चाळीस जण येतात. कुणी पुलाचं गणित आणतो, कुणी परीक्षेच्या गुणांचं. सगळ्यांना अक्षरं लिहायला लावू?"

"लावा."

तो हसला. "ते पळून जातील."

"आणि तुमच्या वस्तीच्या कार्यक्रमावर कुणी लिहिलं की यंत्र तीन तास बंद. ते चालतं?"

"ते महिन्यातून एकदा होतं. तुमची बावीस मिनिटं रोजची आहेत. माझ्या दुपटीहून जास्त खणही अडतात."

जूनमध्ये निकालाचं पत्र आलं. दोन्ही कार्यक्रम वेळेत बसले, तेव्हा कमी वेळ आणि कमी खण लागणारा ठेवण्यात येत आहे. आपल्या कार्यालयाच्या परिश्रमांबद्दल आभार. उत्तर बरोबर की चूक याबद्दल एक शब्द नव्हता. नियमात तसं कलमच नव्हतं. मी नियम पुन्हा काढून पाहिले. खरंच नव्हतं, आणि पहिल्या दिवशी ते वाचूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाई परत टेबलावर आल्या. मद्रासचे दोन तास कार्यालयानं सोडले नाहीत, म्हणून आमचं गणित आता रघुपतीच्या कार्यक्रमाखाली चालतं. गेल्या वर्षी एका महिन्यात दोनदा कळवण्यात आलं की वस्तीचा कार्यक्रम बिघडल्यामुळे आपली वेळ रद्द. दोन्ही पत्रं मी बाईंना दाखवली. पहिलं त्यांनी वाचलं. दुसरं नाही वाचलं. कार्डांवर अक्षर लिहायचं मात्र त्यांनी सोडलेलं नाही. रोज आलेली कार्डं घेऊन बसतात, अक्षर बघतात, पायरी असेल तिथे आधी पाऊण करतात, मग पुढे पाठवतात. दार आता त्या स्वतः झाल्या आहेत. यासाठी एक वर्ष घालवायला नको होतं, असं त्या एकदा म्हणाल्या.

पापनाशमच्या फळीची मंजुरी मी त्या जूनमध्येच स्वतः मागे लागून काढायला घेतली. ती या जानेवारीत आली. फळी बसली. रामस्वामी आता एफ लिहितो, आणि खाली स्वतःहून पी लावून पायऱ्याही लिहितो. बाईंनी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं.

काल यादी करताना ती पेटी उघडली. बाईंच्या कार्यक्रमाची चारशे बारा कार्डं, दोऱ्यानं बांधलेली, वर बाईंच्या अक्षरात तारीख. आमच्या यादीत चारच शीर्षकं आहेत: फर्निचर, लेखनसामग्री, उपकरणं, जुने कागद. मी पेटी घेऊन हातगणना विभागात गेलो.

"हे कशाखाली घालू, अम्मा?"

"तीस वर्षं सगळ्याला शीर्षक तुम्हीच देता, राव."

"जुने कागद लिहिलं तर पाच वर्षांनी जाळतील. उपकरण लिहिलं तर नवा माणूस विचारेल, हे चालतं का."

बाईंनी यंत्राचा दांडा फिरवायचा थांबवला. "चालतं," त्या म्हणाल्या. "कुणी चालवत नाही. तसं लिहा."

मी उपकरणं या शीर्षकाखाली नोंद केली आणि शेऱ्याच्या रकान्यात तसंच लिहिलं. रकाना लहान होता. दोन ओळींत लिहावं लागलं.